पायाखालचा ‘वा’

“तू नुसता पाय हालवून राहिला बेटा. गिटार काही बोलून नाही राहिली.”

आमच्या ग्रुपमधले तबला-ढोलकवाले काका हे बोलले तेव्हा वा पेडल, म्हणजे पायाने पट्टी हलवून गिटारचा आवाज उघडायचं-मिटायचं यंत्र, घेऊन मला दोन महिने झाले होते. पैसे मोजले होते, रोज रात्री अर्धा-पाऊण तास सराव चालू होता, बोटांचं काम चोख बसलं होतं. तरी काकांचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते मला आतून ठाऊकही होतं. पेडल निवडण्यापासून ते काकांच्या त्या वाक्यापर्यंत आणि त्याच्या पुढे काय काय झालं, ते सगळं लिहून ठेवतो आहे.

आमचा ग्रुप जुनी हिंदी गाणी करतो. दोन गायक, एक गायिका, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, तबला-ढोलक आणि माझी इलेक्ट्रिक गिटार. सगळे नोकरी-धंदा सांभाळून शनिवार-रविवारी जमणारे. त्या वर्षी पंचमदांच्या गाण्यांचा कार्यक्रम ठरला. त्यातल्या दोन गाण्यांत गिटारचा तो ‘वाका-चिका’ आवाज असल्याशिवाय गाणं उभंच राहत नाही. तोवर मी गिटारच्या इफेक्ट प्रोसेसरमधल्या ऑटो-वावर काम भागवत होतो. त्यात तारेवर जितका जोरात फटका, तितका आवाज उघडतो. अडचण अशी की प्रत्येक फटक्याला तो उघडतोच. कुठे उघडायचं आणि कुठे तोंड मिटून बसायचं, हे यंत्र ठरवतं. मला ते माझ्या हातात हवं होतं. खरं म्हणजे पायात.

नागपुरात बर्डीवर आणि सदरमध्ये मी ज्या दुकानांत गेलो तिथे हार्मोनियम, ढोलक, अकॉस्टिक गिटारी भरपूर, पण वा पेडल एखाद-दुसरंच, तेही खोक्यात बंद. अँपला जोडून ऐकायला मिळेल असं कुणी म्हणेना. तेव्हा ठरवलं की ओळखीतल्या वाजवणाऱ्यांकडची पेडलं आधी घरी आणून ऐकायची आणि मगच पैसे खर्च करायचे. आज कुणी विचारलं तर मी हेच सांगेन: आपली गिटार, आपली केबल, आपला अँप आणि ज्या खुर्चीवर बसून वाजवणार ती खुर्ची, हे चारही समोर असल्याशिवाय वा पेडल घेऊ नका.

तीन प्रकार हाताळले. पहिलं प्रकाशावर चालणारं. आत एक छोटा एलईडी आणि त्याचा उजेड मोजणारा भाग असतो, पाय हलला की मधला अडसर सरकतो. घासणारं काही नसल्यामुळे खरखर होत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण मी वाजवलेल्या त्या पेडलला स्प्रिंग होती. पाय काढला की पट्टी वर येते आणि पेडल बंद होतं. उभं राहून सोलो वाजवणाऱ्याला ते सोयीचं असेल. मला मात्र पट्टी अर्ध्यावर ठेवून चार ओळी नुसत्या तशाच वाजवायच्या होत्या, आणि त्यासाठी स्प्रिंगशी झगडत बसणं पोटरीला झेपेना. दुसरं मिनी पेडल. आवाज सुरेख, पिशवीत मावणारं. पण माझा पाय नऊ नंबरचा, टाच बाहेर लोंबकळत राहायची आणि घोट्याच्या जरा हालचालीत सगळा पल्ला संपायचा. तिसरं पूर्ण लांबीचं, जड, ओतीव धातूचं, जिथे सोडाल तिथे थांबणारं. पायाखाली आल्याबरोबर कळलं की हेच.

मात्र त्या प्रकारातलं पहिलं जुनं पेडल मी परत केलं, आणि त्याचं कारण आवर्जून सांगण्यासारखं आहे. पेडल चालू असताना आवाज उत्तम होता. बंद केल्यावर गिटार घोंगडीखाली ठेवल्यासारखी वाटायची. जुन्या पद्धतीच्या जोडणीत पेडल बंद केलं तरी त्याच्या सर्किटचं आत येणारं टोक गिटारच्या केबलला चिकटलेलंच राहतं, आणि गिटारचा कमजोर सिग्नल त्याच्यात गळतो. आधी जातो तो वरचा, चकाकीचा भाग. म्हणून कसोटी साधी ठेवा: गिटार थेट अँपला लावून एक कॉर्ड वाजवा, मग मध्ये पेडल घालून, ते बंद ठेवून, तोच कॉर्ड पुन्हा. फरक ऐकू आला तर ते पेडल नको. ट्रू बायपास (बंद केल्यावर सर्किट पूर्ण बाजूला होतं) किंवा आत बफर (सिग्नल गळू न देणारा भाग) असलेलं घ्या. मी शेवटी ट्रू बायपास करून घेतलेलं एक वापरलेलं पेडल साडेपाच हजारांना घेतलं.

या यंत्राचा जन्म मला फार आवडतो. 1966 साली अमेरिकेत थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट नावाचा तरुण अभियंता वॉक्सच्या अँपवर काम करत होता. त्या अँपमध्ये मधल्या पट्टीतले स्वर उचलून धरणारा एक महागडा, टप्प्याटप्प्याने फिरणारा स्विच होता. तो काढून स्वस्तातला पॉट, म्हणजे फिरवून रोध कमी-जास्त करायचा भाग, बसवायचा, एवढंच काम. पॉट बसवून फिरवला तर आवाज एका टप्प्यावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत गेला, आणि त्या घसरण्यात माणसाच्या तोंडातून निघाल्यासारखा ‘वा’ होता. मग तो पॉट ऑर्गनच्या पायपट्टीच्या खोक्यात बसला. 1967 मध्ये पेडल बाजारात आलं ते क्लाइड मॅकॉय या ट्रम्पेटवादकाच्या नावाने, कारण ट्रम्पेटच्या तोंडावर म्यूट उघड-मीट करून तो असाच आवाज काढायचा. म्हणजे सुरुवातीला हे ट्रम्पेटची नक्कल करणारं यंत्र होतं. गिटारवाल्यांनी ते आपलंसं केलं. क्राय बेबी हे वा पेडलचं गाजलेलं नावही त्याच घराण्यातलं.

आत फारसं काही नसतं. दोन ट्रान्झिस्टर, एक कॉइल, थोडे कपॅसिटर-रेझिस्टर आणि एक पॉट. पट्टीला खाली दातेरी दांडी असते, ती पॉटच्या दांड्यावरचं छोटं चाक फिरवते. नेहमीच्या सर्किटमध्ये कॉइल 500 मिलिहेन्रीची आणि तिच्याबरोबर काम करणारा कपॅसिटर 0.01 मायक्रोफॅरडचा. या दोघांच्या अनुनादाचा हिशेब कागदावर मांडला तर साधारण 2250 हर्ट्झ येतो. पंजा पूर्ण खाली दाबला की आवाजाचा उंचवटा जवळपास तिथेच असतो. टाच दाबली की पॉट त्या कपॅसिटरला सर्किटच्या नजरेत तीस-चाळीस पटींनी मोठा करतो आणि उंचवटा साडेतीनशे-चारशे हर्ट्झपर्यंत उतरतो. हा हिशेब मी वहीत मांडला त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. बावीस पडद्यांच्या गिटारचा सगळ्यात वरचा स्वरसुद्धा 1175 हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे पंजा पुढे नेला की पेडल मूळ स्वराला उचलत नाही, त्याच्याबरोबरच बारीक वाजणाऱ्या वरच्या स्वरांना, म्हणजे सहस्वरांना, उचलतं. ज्या आवाजात सहस्वरच कमी, तिथे पेडलला धरायला काही सापडत नाही. गिटारचा टोन नॉब बंद ठेवून वा वाजवला की तो मलूल का वाटतो, आणि जरा ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाटवणारा इफेक्ट) दिला की तोच का जिवंत होतो, ते यात आलं.

दुसरी गोष्ट तोंडानेच करून बघितली. ‘ऊ’ म्हणत म्हणत ‘आ’वर या. स्वर तोच राहतो, फक्त तोंडाची पोकळी बदलते आणि वेगवेगळे सहस्वर ठळक होतात. पेडलही तेच करतं. टाचेकडे ‘ऊ’, मध्याच्या अलीकडे-पलीकडे ‘ओ’ आणि ‘आ’. पण पंजा अगदी शेवटपर्यंत नेला की आवाज ‘आ’ ओलांडून ‘ई’कडे झुकतो, पातळ आणि टोचरा होतो. माझा पाय मात्र दर वेळी या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता. खरा ‘वा’ मधल्या भागात होता आणि मी त्याच्यावरून भरधाव निघून जात होतो.

एवढं समजूनही वाजवण्यात ते उतरेना. मी मेट्रोनोम लावून प्रत्येक मात्रेला पंजा खाली, मधे टाच खाली, असा नेमाने सराव करायचो. पाय अगदी लयीत. आणि तेव्हाच काका ते वाक्य बोलले.

नंतर त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. पेडल उचलून सतरंजीवर आपल्या समोर घेतलं, डग्गा बाजूला सारला आणि म्हणाले, “तू वाजव. याला मी पाहतो.” मी डाव्या हाताने तारा दाबून कोरडे फटके मारत राहिलो. काकांनी तळहाताचा मनगटाकडचा भाग पट्टीवर ठेवला, अगदी डग्ग्याच्या शाईमागे ठेवतात तसा, आणि केरवा तालाचे बोल म्हणू लागले: धा गे ना ती, न क धी न. ‘धा गे’ला मनगट पुढे सरकत गेलं, घाई नाही, जसा डग्ग्याचा घुमारा वर चढवतात तसं. ‘ना ती न क’ला हात जिथे होता तिथेच थांबला, कारण तिथे डग्गा गप्प असतो. ‘धी’ला एक छोटा धक्का, आणि ‘न’ला हात मागे. त्याबरोबर गिटार बोलायला लागली. माझे फटके तेच होते, सेटिंग तेच, पेडलही तेच. कीबोर्डवाला मित्र मोबाइल बघत बसला होता, त्याने मान वर केली.

डग्ग्यावर मनगट पुढे दाबलं की कातडं ताणलं जातं आणि स्वर चढतो. ते कुठे करायचं नाही, हे तबलजी पहिल्या वर्षापासून शिकतो. आम्ही गिटारवाले उजव्या हाताला लयीचं काम देऊन टाकतो आणि पाय त्याच्या मागे ओढत नेतो. काका म्हणाले, पायाला वेगळी भाषा दे, हाताचीच री ओढू देऊ नको.

त्या दिवसापासून सरावाची पद्धत बदलली. आठवडाभर गिटार मांडीवर ठेवून, तारांना हात न लावता, नुसता केरवा तोंडाने म्हणत पायाने ‘धा गे’ आणि ‘धी’ काढले. लय मिनिटाला साठ मात्रांवर, मग सत्तर, मग नव्वद. सोलोचे तुकडे आधी गाऊन बघायचो आणि गाताना तोंड कुठे उघडतं ते गाण्याच्या कागदावर काना काढून टिपून ठेवायचो. लांब स्वरावर हळूहळू उघडणं, छोट्या स्वरांच्या झुपक्यात पाय स्थिर ठेवणं, आणि शेवटचा स्वर ‘ऊ’वर मिटवणं. एका ओळीत तर पट्टी मध्यावर ठेवून पाय अजिबात हलवायचा नाही, असंही ठरलं. तिथे गिटार जुन्या रेडिओतून आल्यासारखी नाकात बोलते आणि गायिकेच्या आवाजाला वाट मिळते. ती जागा अंधारातही सापडावी म्हणून पेडलच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला.

ओव्हरड्राइव्हच्या आधी की नंतर, यावर बरंच ऐकलं होतं. दोन्ही करून पाहिलं. वा आधी आणि ओव्हरड्राइव्ह नंतर ठेवला की उघड-मीट गोलसर, माणसाच्या गळ्यासारखी येते, कारण ओव्हरड्राइव्ह टोकं दाबून टाकतो. उलट लावलं तर सहस्वरांनी भरलेल्या आवाजावर गाळणी फिरते, आणि ते फार आक्रमक होतं. पंचमदांच्या गाण्यांसाठी मी वा आधीच ठेवला, आणि ‘वाका-चिका’ जिथे येतं तिथे ओव्हरड्राइव्ह पूर्ण बंद.

मग एप्रिल लागला. नागपूरचा उन्हाळा म्हणजे कूलर, आणि कूलर म्हणजे गिटारमध्ये घूंऽऽ. माझ्या गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर टिपणारी कॉइल) आहेत, ते मोटरचा आवाज झेलतातच. पण वा चालू केला की घूं दुप्पट व्हायची, आणि कूलर बंद केला तरी थोडी उरायची. दोन रात्री केबल बदलण्यात गेल्या. शेवटी लक्षात आलं की अडॅप्टरांची पट्टी मी पेडलच्या अगदी शेजारी ठेवली होती. वाच्या आतली कॉइल हीसुद्धा एक पिकअपच असते, जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र ती झेलते. अडॅप्टरांची ती पट्टी दोन फूट लांब नेली, पेडल जरा फिरवून ठेवलं, आणि घूं जवळजवळ गेली. तेव्हापासून वा पेडलला मी वेगळी 9 व्होल्टची बॅटरीच देतो. ती महिनोन्‌महिने टिकते, फक्त वाजवून झालं की आत येणारी केबल काढून ठेवायची, कारण त्या जॅकमध्येच बॅटरीचा स्विच असतो. केबल लावून ठेवली तर सकाळपर्यंत बॅटरी उगाच झिजते.

मे महिन्यात खरखर सुरू झाली. पट्टी हलली की आवाजात वाळू सांडल्यासारखं. आमच्याकडे त्या दिवसांत खिडकी बंद ठेवली तरी टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते, ती पॉटमध्येही जाणारच. खालच्या पत्र्याचे चार स्क्रू काढले, पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पट्टी वीस-पंचवीस वेळा वर-खाली केली. खरखर गेली, तीन आठवड्यांनी परत आली. मग पॉट बदलायचा ठरवला, आणि इथे माझी चूक झाली. खुणेवर 100 के लिहिलं होतं म्हणून 100 केचाच साधा पॉट आणून डाग दिला. खरखर बंद, पण ‘वा’ही हरवला. सगळी उघड-मीट पट्टीच्या शेवटच्या इंचभरात गोळा झाली. वा पेडलच्या पॉटचा रोध सरळ रेषेत वाढत नाही, त्याला खास वळण दिलेलं असतं. म्हणूनच पायाच्या हालचालीत बदल सारखा वाटला जातो. शेवटी वासाठीचाच पॉट मागवला, आठ दिवस थांबलो. तो बसवताना दातेरी दांडी सैल करून चाक दोन दाते पुढे सरकवलं, म्हणजे टाचेकडचा आवाज पूर्ण बुडत नाही, थोडा उजेड शिल्लक राहतो. माझ्या अँपला तेच मानवलं.

अजून एक अडचण होती, आणि ती मी कुठेच वाचली नव्हती. आम्ही बसून वाजवतो. कार्यक्रम कधी देवळाच्या सभामंडपात, कधी गणपतीच्या मांडवात, तिथे चपला बाहेर. वा पेडल चालू करायचा स्विच पंज्याखाली असतो आणि त्याला चांगला जोर लागतो. उभ्या माणसाच्या अंगाचं वजन त्याच्या कामी येतं. खुर्चीत बसलेल्याला ते मिळत नाही, आणि अनवाणी तर तळव्याला कळ लागते. यावर दोन उपाय केले. स्विच दोन नटांमध्ये धरलेला असतो, ते सैल करून स्विच थोडा वर घेतला, म्हणजे कमी दाबात तो खट्‌ करतो. फार वर घेतला तर वाजवता वाजवताच बंद-चालू होतो, म्हणून पाव-पाव फेऱ्याने, दर वेळी वाजवून बघत. दुसरा उपाय खुर्ची. गुडघा काटकोनापेक्षा जरा उघडा राहील इतकी उंच खुर्ची असली की टाच पट्टीवर नीट टेकते आणि सगळं काम घोटा करतो. गुडघा वर आला की मांडी हलायला लागते, आणि मांडीला बारकावा जमत नाही. आता मी घरची लाकडी खुर्चीच बरोबर नेतो.

कार्यक्रम लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात झाला, पोळ्यानंतरच्या शनिवारी. काका नागपूरच्या महाल भागात राहतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, तिकडचे रस्ते मिरवणुकीने भरलेले, म्हणून शेवटची तालीम एक दिवस पुढे गेली होती आणि मला त्याची धाकधूक होती. दुसऱ्या गाण्याच्या मध्यंतरात कीबोर्ड थांबतो आणि आठ मात्रा फक्त ढोलक आणि गिटार राहतात. तालमीत आम्ही तिथे काहीच ठरवलेलं नव्हतं. काकांनी तिथे हात थोपवला, ढोलकच्या बायेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, एक लांब घुमारा चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तोच घुमारा पायाने परत दिला, एकाच स्वरावर, ‘ऊ’पासून ‘आ’पर्यंत, आणि चिकटपट्टीच्या खुणेवर थांबलो. मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने ‘वा’ म्हटलं.

आता पेडल सुती पिशवीत असतं. महिन्यातून एकदा खालचा पत्रा काढून ब्रशने धूळ झाडतो, दातेरी दांडीला चिमूटभर ग्रीस लावतो. पुढच्या कार्यक्रमात काकांना दादरा तालातल्या एका गाण्यात वा हवा आहे. धा धी ना, धा ती ना. यात डग्गा पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला बोलतो आणि त्या चौथ्या मात्रेच्या ‘धा’नंतर मिटतो. म्हणजे पाय लांब वेळ उघडा ठेवून नेमक्या ‘ती’वर मिटवायचा आहे. साठच्या लयीत जमतं आहे. ऐंशीला ‘ती’ अजून उशिरा येते.